अर्ध्या टाकीच्या खाली

विलास तांबे या माणसाचे माझ्यावर जेवढे उपकार आहेत, तेवढे दुसऱ्या कोणाचेही नाहीत. शाळेत मला शिकवणारे गुरुजी, कॉलेजची फी माफ करून घेणारे आमचे प्राध्यापक, लालबागच्या गॅरेजात मला उभं करणारे मालक बाळाशेठ, ही सगळी माणसं मोठी आहेत. त्यांचं ऋण मी मान्यच करतो. तरीही पहिलं नाव विलास तांबे यांचं. ते एका ॲम्ब्युलन्सवर बदली ड्रायव्हर होते. त्यांची नोकरी माझ्या सहीने गेली, आणि माझे वडील त्यांच्या एका वाक्यामुळे वाचले. दोन्ही गोष्टी एकाच गाडीतल्या.

मी मूळचा म्हसळ्याचा. वडिलांची तिथे पिठाची गिरणी होती, डिझेल इंजिनावर चालणारी. ते स्वतः चौथीपर्यंत शिकलेले. मी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो तेव्हा त्यांनी गिरणी दिवसभर बंद ठेवली होती. असं त्यांनी त्याआधी फक्त घरात कोणी गेलं तरच केलं होतं. मुंबईत मला शाळेत नोकरी मिळाली नाही. बाळाशेठनी विचारलं, "इंजिनाची भीती वाटते का?" मी म्हटलं, "नाही." त्या दिवसापासून मी गॅरेजात आहे. पदवीमुळे सगळे मला 'मास्तर' म्हणू लागले आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

भीती वाटत नाही असं म्हणालो होतो, ते आता मागे घेतो.

माझं काम जुन्या डिझेल गाड्यांचं. नव्या गाडीला यंत्र जोडलं की ती स्वतःच आपलं दुखणं सांगते. जुन्या गाडीला वाचा नसते. तिचा धूर बघायचा, आवाज ऐकायचा, वास घ्यायचा. खोताच्या वाडीतले एक म्हातारे अंकल त्यांची जुनी जीप आणायचे तेव्हा सोबत पांढराशुभ्र रुमाल असायचा. तो सायलेन्सरसमोर धरून ते धुराचा डाग घ्यायचे आणि घडी घालून माझ्या हातात द्यायचे. "मास्टर, रिपोर्ट!" काळा डाग म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. डाग न पडता रुमाल नुसता ओलसर होऊन वास मारू लागला तर डिझेल न जळताच बाहेर पडतंय. डॉक्टरकडे लघवीची बाटली न्यावी तशी त्यांची ती तऱ्हा होती. आम्ही हसायचो, पण त्यांच्या रुमालावरून माझं निदान एकदाही चुकलं नाही.

डिझेल गाडीत ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा उडाला की तो पेटतो. हा फवारा जोरात उडावा म्हणून मोठी साखळी असते. टाकीतून एक नळी निघते, छोटा फीड पंप त्या नळीतून डिझेल ओढतो, ते फिल्टरमधून गाळून मोठ्या पंपाकडे जातं, आणि मोठा पंप ते प्रचंड दाबाने नोझलकडे ढकलतो. या वाटेत डिझेलशिवाय काहीही असता कामा नये. पाणी गेलं तर पंप गंजतो, कचरा गेला तर नोझल तुंबतं. हवा शिरली तर गाडी जागच्या जागी मरते. डिझेलला दाबलं की तो दाब पुढे जातो. हवेला दाबलं तर ती नुसती आकसते, पुढे काहीच पोचत नाही. आम्ही म्हणतो, गाडीने एअर घेतली.

एअर घेणारी गाडी मला सगळ्यांत भीतिदायक वाटते, कारण टाकी आणि फीड पंपाच्या मधल्या नळीला भोक पडलं तर बाहेर थेंबही गळत नाही. तिथे डिझेल ओढलं जात असतं, त्यामुळे बाहेरची हवा गुपचूप आत जाते. परळच्या हॉस्पिटलांबाहेर शहाळं पिताना नळीला चीर असली की तोंडात नुसते बुडबुडे येतात, शहाळ्याला मात्र बाहेरून काही झालेलं दिसत नाही. तसंच.

आता त्या ॲम्ब्युलन्सबद्दल. ती आमच्या विभागातल्या एका गणेशोत्सव मंडळाची. पंधरा वर्षांच्या आतबाहेरची, पण जपलेली. तिच्यावर कायमचा ड्रायव्हर हरेश्वर, शीव कोळीवाड्याचा. घरची होडी. टाकी काठोकाठ भरल्याशिवाय बंदर सोडायचं नाही ही घरातली सवय त्याने गाडीलाही लावली होती. काटा जरा खाली आला की हरेश्वर पंपावर. आणि आमच्या गॅरेजचाही एक नेम होता. बाळाशेठनी तो सुरू केलेला. मंडळाची ॲम्ब्युलन्स दुरुस्तीला आली की बाहेर पडताना तिची टाकी आम्ही भरून द्यायची, आमच्याकडून बाप्पाची सेवा म्हणून. रिकाम्या टाकीची ॲम्ब्युलन्स आमच्या दारातून कधी गेली नाही, असं शेठ अभिमानाने सांगायचे. मीही सांगायचो.

हरेश्वरच्या सुट्टीच्या दिवशी विलास तांबे गाडी चालवायचे. साधारण माझ्याच वयाचे, परळच्या चाळीतले, मोजकं बोलणारे. त्यांच्या हातात गाडी पहिल्यांदा बंद पडली ती एका पुलाच्या उतारावर. दुसऱ्यांदा पनवेलहून परत येताना. दोन्ही वेळा गाडी ओढून आमच्याकडे आली. आमची पद्धत अशी की बंद पडलेली डिझेल गाडी आली की आधी टाकीत कॅनभर डिझेल ओतायचं, म्हणजे डिझेल संपलं होतं की काय हा प्रश्नच मिटतो. मग एअर काढायची, गाडी चालू करायची, टाकी भरायची आणि दादरपर्यंत एक फेरी मारायची. दोन्ही वेळा गाडी लोण्यासारखी चालली.

विलास दारात उभे होते. म्हणाले, "मास्तर, काटा अर्ध्याच्या खाली गेला आणि गाडी उताराला लागली की आचके देते. भरलेली असली की काय नाय."

मी म्हटलं, "विलासराव, टाकीत डिझेल आहे म्हणजे आहे. पाव असो नाहीतर पाऊण. इंजिनाला काय कळतंय काटा कुठे आहे ते?"

"तुम्ही शिकलेले. पण गाडी माझ्या हाताखाली असते ना."

"मास्तर, ह्यांना पण एक फिजिक्सचा तास घ्या," आमचा फिटर म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसलो. विलास हसले नाहीत. त्यांनी चावी घेतली आणि गेले.

तिसऱ्यांदा गाडीत डायलिसिसला चाललेली एक बाई होती. गाडी भर रस्त्यात मेली. लोकांनी बाईंना उचलून टॅक्सीत घातलं. त्या वाचल्या, पण मंडळाची माणसं हादरली. समितीने माझ्याकडे लेखी अहवाल मागितला, कारण मी पदवीधर. मी सुंदर अक्षरात लिहिलं: 'वाहनाची तीन वेळा तपासणी केली. इंधन यंत्रणेत कोणताही दोष आढळला नाही. कायमच्या चालकाच्या हाती वाहन व्यवस्थित चालते. सबब चालकाच्या हलगर्जीपणामुळे वाहन बंद पडत असावे.' खाली सही, सहीखाली बी.एस्सी.

आठ दिवसांत विलास यांना काढलं. ते शेवटचं गॅरेजात आले तेव्हा मी फीड पंप उघडून बसलो होतो. म्हणाले, "मास्तर, लिहायच्या आधी एकदा माझ्या बाजूला बसायचं होतंत." मी मान वर केली नाही. हातात स्प्रिंग होती, ती उडेल असं निमित्त मला पुरलं.

पुढचे चार महिने हरेश्वर रोज गाडी चालवत होता आणि ती एकदाही बंद पडली नाही. माझं म्हणणं सिद्ध झालं असं मी धरून चाललो.

मग बाबा आजारी पडले. आयुष्यभराचं पीठ त्यांच्या छातीत बसलं होतं. परळच्या हॉस्पिटलात अठरा दिवस काढल्यावर डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, ऑक्सिजनवर ठेवा. बाबांनी म्हसळ्याचा धोशा लावला होता. मंडळाने गाडी दिली. मी पुढे हरेश्वरशेजारी, मागे बाबा स्ट्रेचरवर आणि त्यांच्या उशाशी आई.

निघताना हरेश्वर कुरकुरत होता. सकाळी तो ठाण्याला एक पेशंट सोडून आला होता आणि नेहमीच्या पंपावर टँकर खाली होत असल्यामुळे पंप बंद होता. काटा पाऊण टाकीवर. "माणगावला भरू," तो म्हणाला. पण माणगाव येईपर्यंत बाबांचा श्वास घुरघुरायला लागला, ऑक्सिजनच्या सिलिंडरचा काटा माझ्या अंदाजापेक्षा लवकर खाली येत होता. पंपावर रांग दिसली. मीच म्हटलं, "थांबू नको. डिझेल भरपूर आहे."

"मास्तर, माझी गाडी एवढ्या खाली कधी गेलेली नाय."

"अरे, चल. पाव टाकीवर माणूस पुण्याला जाऊन येईल."

घोणशाचा घाट चढताना काही झालं नाही. उतार सुरू झाला आणि गाडीने पहिला आचका दिला. मला वाटलं खड्डा असेल. दुसरा आचका. मग इंजिनाचा आवाज एकदम गेला. टायरांचा, आणि मागून सिलिंडरच्या सूं सूंचा आवाज तेवढा उरला. समोर वळण होतं आणि वळणापलीकडे दरी.

मागून बाबांनी विचारलं, "अन्या, गिरणी का थांबली रे?"

हरेश्वरचा पाय क्लचकडे गेला. बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करायची तर कोणताही ड्रायव्हर आधी क्लच दाबतो. मी ओरडलो, "क्लच दाबू नको! गिअरमध्येच राहू दे!" गिअर लागलेला असेल तर चाकं मेलेल्या इंजिनालाही फिरवत ठेवतात, आणि इंजिन फिरत असेपर्यंत ब्रेकला लागणारी व्हॅक्यूमची मदत आणि स्टिअरिंगचं बळ टिकतं. क्लच दाबला की दोन्ही जातात. दोन-तीनदा ब्रेक दाबेपर्यंत काय शिल्लक असेल तेवढंच, मग ते पेडल माणसाच्या ताकदीने दबत नाही. हे सगळं त्याला सांगायला वेळ नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पाय मागे घेतला. गाडी गुरगुरत, हिसके देत वळण उतरली आणि डोंगराच्या बाजूला घासून थांबली. हरेश्वरने हँडब्रेक ओढला आणि तो तसाच धरून बसला. त्याची बोटं मला एकेक करून सोडवावी लागली.

मी बॉनेट उघडलं. फिल्टरवरचा एअर काढायचा बोल्ट सैल केला आणि हाताचा पंप मारू लागलो. नुसता फेस. पन्नास वेळा मारला, शंभर वेळा मारला, तरी फेस. एकदा शिरलेली हवा दहा-वीस झटक्यांत संपायला हवी. ही संपत नव्हती, म्हणजे ती अजूनही कुठून तरी आत येत होती. गाडीखाली आडवा झालो. नळी कोरडी, सांधे घट्ट.

आईने मागचं दार उघडून विचारलं, "अनंता, काटा लाल रंगाला लागला म्हणजे किती उरलं?"

मी म्हटलं, "पुष्कळ आहे." माझ्या हिशेबाने पाऊण तास होता. म्हसळ्याला घरी मोठा सिलिंडर आणून ठेवलेला होता आणि मोबाईलला रेंज नव्हती. एवढ्या वर्षांत इंजिनाची मला अशी भीती कधी वाटली नव्हती. हात डिझेलने निसरडे झाले होते आणि दहाचा पाना दोनदा खाली पडला. पाना उचलायला वाकलो तेव्हा उघड्या दारातून डॅशबोर्ड दिसला. चावी चालूच होती. काटा अर्ध्याच्या बराच खाली, पावच्या जरासा वर.

काटा अर्ध्याच्या खाली गेला आणि गाडी उताराला लागली की.

तेव्हा कळलं. भोक नळीत आहे, पण टाकीच्या आतल्या भागात. टाकीत वरून खाली तळापर्यंत एक नळी उतरलेली असते. तिला मध्येच कुठे चीर असेल तर टाकी भरलेली असताना ती चीर डिझेलमध्ये बुडालेली राहते आणि काहीच बिघडत नाही. पातळी खाली गेली, गाडी तिरकी झाली की चीर उघडी पडते आणि तळात डिझेल असूनही पंप हवा ओढतो. अकरावीच्या मुलाला कळेल एवढं सोपं. विलास यांनी मला ते माझ्या दारात उभं राहून सांगितलं होतं. आम्ही मात्र प्रत्येक वेळी आधी टाकी भरायचो आणि मग दोष शोधायचो.

"हरेश्वर, डिझेल पाहिजे. कुठूनही."

"अरे मास्तर, हाय ना टाकीत!"

"आहे, पण चालत नाही. वाद घालू नको."

खालून दिघीकडचा मासळीचा टेम्पो चढत होता. हरेश्वर हात पसरून रस्त्याच्या मध्ये उभा राहिला. टेम्पोवाल्याने ब्रेक मारला. "मरायचंय का रे?"

"दादा, डिझेल दे. आत म्हातारा हाय."

"ॲम्ब्युलन्सीत डिझेल नाय? काय बर्फावर चालवतो काय?"

"काटा सांगतो हाय. हा मास्तर सांगतो पायजे. कोणाचं ऐकू मी? तू दे."

टेम्पोवाल्याने एकदा मागे डोकावून बाबांकडे पाहिलं आणि सीटमागचा कॅन काढला. वीसेक लिटर असेल. आम्ही ते ओतलं आणि मी पुन्हा हाताचा पंप मारू लागलो. फेस आला, मग मोठे बुडबुडे, मग एक-दोन, आणि मग स्वच्छ पिवळी धार. बोल्ट आवळला. पहिल्या सेल्फला काही नाही. दुसऱ्याला पांढरा धूर. तिसऱ्याला इंजिन लागलं.

टेम्पोवाला कॅनचं झाकण लावत म्हणाला, "मास्तर, पुढच्या वेळी माणूस न्यायचा असला तर मासळीच्या गाडीतून न्या. आम्ही थांबत नाय."

घरी पोचलो तेव्हा सिलिंडरमध्ये जेमतेम होतं. बाबा आजही आहेत. ओसरीवर बसतात, नाकात नळी असते.

मुंबईला परत आल्यावर मी टाकी उतरवली. नळी बाहेर काढून पाण्यात धरली, एक टोक बंद करून दुसऱ्यातून फुंकलं. तळापासून वीतभर अंतरावर, गंजाच्या डागाखाली, केसाएवढी चीर. तिथून बुडबुड्यांची माळ वर आली.

बाळाशेठ बघत होते. म्हणाले, "नवी टाक आणि विषय संपव."

"समितीला सांगावं लागेल, शेठ."

"काय सांगणार? गॅरेजचं नाव जाईल, तुझं जाईल. तीन वेळा पास केलेली गाडी! चार महिन्यांनी कशाला उकरतोस? त्याला दुसरीकडे काम मिळालंही असेल."

मला भीती वाटली. घाटातली वेगळी होती, तिच्यात हातपाय हलवता येत होते. या वयात, पदवीच्या जोरावर मिळालेला मान चारचौघांत उतरवून ठेवायचा होता. दोन दिवस नळी तशीच खणात ठेवली. तिसऱ्या दिवशी ती नळी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि समितीच्या बैठकीला गेलो. बादलीभर पाणी मागवलं, सगळ्यांसमोर फुंकून दाखवलं. कोणी ओरडलं नाही. सेक्रेटरी फक्त म्हणाले, "मास्तर, तुमच्या अक्षरावर आम्ही विश्वास ठेवला." ओरडले असते तर बरं झालं असतं.

शेठ महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. आता बोलतात. टाकी भरून देण्याचा नेमही चालू आहे, फक्त गाडी आधी तपासायची आणि टाकी नंतर भरायची.

विलास यांनी मुंबई सोडली होती. माझा फोन ते उचलत नव्हते. लोअर परळला त्यांच्या बहिणीने बराच वेळ मला दारातच उभं ठेवून शेवटी गावचा पत्ता दिला. त्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र हे:

श्री. विलास तांबे यांस,
स.न.वि.वि.

तुम्ही फोन घेत नाही, ते योग्यच आहे. म्हणून लिहितो.

ॲम्ब्युलन्सच्या टाकीतल्या नळीला चीर होती. टाकी अर्ध्याखाली गेली आणि उतार लागला की ती हवा ओढत होती. तुम्ही हे मला सांगितलं होतं. मी तुमचं ऐकलं नाही, आणि इतरांसोबत हसलो. तुमच्याबद्दल 'हलगर्जीपणा' हा शब्द मी लिहिला. मी गाडी अर्ध्या टाकीवर एकदाही चालवून पाहिली नव्हती, म्हणजे तो शब्द मला लागू होता.

घोणशाच्या घाटात गाडी माझ्या वडिलांसकट बंद पडली. तेव्हा माझ्याजवळ तुमचं ते वाक्य सोडून काहीही नव्हतं. त्यावर ते घरी पोचले. मी हे त्यांना सांगितलं आहे. त्यांनी विचारलं, त्या माणसाला तू काय दिलंस? मी सांगितलं, की मी त्याचं काम घालवलं. त्यानंतर ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

जुना अहवाल चुकीचा होता असं मी समितीला लिहून दिलं आहे. त्याची प्रत सोबत जोडली आहे. तुम्ही जिथे काम मागाल तिथे ती दाखवा. समितीनेही तुम्हाला परत बोलावायचं ठरवलं आहे, त्यांचं पत्र वेगळं येईल. यावं की नाही ते तुम्ही ठरवा. माझ्याकडे बघून नाही म्हणू नका, आणि माझ्याकडे बघून हो पण म्हणू नका.

मला माफ करा असं लिहून खोडलं आहे. ते समोर येऊन म्हणायचं आहे. येत्या रविवारी सकाळच्या एसटीने मी तुमच्या गावी येतो आहे. फाट्यावर उतरेन. तुम्ही भेटला नाहीत तर संध्याकाळच्या गाडीने परत जाईन, आणि त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा येईन.

आपला,
अनंत